लाईन गेल्यावरचा डायनासोर

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंटरस्टेलर’ हा २०१४ चा अंतराळपट भारतात पुन्हा लागला आणि मोठ्या शहरांत त्याची तिकिटं मिळेनात. कोवळ्या वयात डोक्यात बसलेला विज्ञानपट पुन्हा मोठ्या पडद्यावर पाहायचा, जमलं तर पोरांना सोबत न्यायचं, ही हौस आता धंद्याच्या हिशेबात बसली आहे. पण तो हिशेब शहराचा. विदर्भाच्या टोकाच्या सिरोंच्याहून नागपूरचं मल्टिप्लेक्स साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. कोरची, जिवती, धारणीच्या माणसालाही एका सिनेमापायी दिवस आणि मजुरी दोन्ही घालवावी लागते. तालुक्याच्या टॉकीजचं कुठे मंगल कार्यालय झालं, कुठे गोदाम. सी.पी.-बेरार (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किटच्या चित्रपट-वितरकांची कार्यालयं अमरावतीत होती आणि सिनेमाच्या पेट्या तिथून सुटायच्या, हे आजच्या पोरांना सांगूनही पटत नाही.

मग गावाने काय करावं? ‘जुरासिक पार्क’ हा १९९३ चा चित्रपट, जो १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला, तो ग्रामीण विदर्भात गावच्या मैदानावर, सार्वजनिक खर्चाने पुन्हा दाखवावा. आज चाळिशीत असलेल्यांच्या आठवणींना उजाळा मिळेल तो वेगळा, पण कारण ते नव्हे. शहरापेक्षा इथल्या माणसाला हा चित्रपट जास्त कळतो. आणि नीट दाखवता येत नसेल, तर दाखवूच नये.

चित्रपटाची गोष्ट एका वाक्यात सांगायची तर डायनासोर पुन्हा जन्माला घालून थाटलेल्या बागेत लाईन जाते. कुंपणातला करंट बंद पडतो आणि आतलं जनावर बाहेर येतं. शहरातला प्रेक्षक तिथे जनावराकडे बघतो. चिमूर-सिंदेवाहीकडे रात्री मचाणावर जागल करणारा माणूस कुंपणाकडे बघेल. पडद्यावरच्या पाटीवर दहा हजार व्होल्ट लिहिलेलं असतं. शेताच्या कुंपणाला जोडलेलं झटका मशीनही साधारण आठ-दहा हजार व्होल्टचाच झटका देतं. फक्त तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका क्षणिक असतो, म्हणून रानडुक्कर दचकतं, मरत नाही. तारेला ओलं गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, बॅटरी बसते आणि सकाळी धानाचा बांध उकरलेला सापडतो. मग चिडून कोणी तारेत थेट २३० व्होल्ट सोडतं. व्होल्टेज कमी, पण धार अखंड, आणि त्यात वाघ मरतो, शेजारचा शेतकरीही मरतो. ‘यंत्रावर सोपवलेलं कुंपण किती भरवशाचं?’ हा प्रश्न ताडोब्याच्या आसपास कल्पनेतला नाही.

दुसरी गोष्ट बोंडअळीची. चित्रपटातली कंपनी सगळे प्राणी मादीच जन्माला घालते, म्हणजे पैदास होणार नाही. पण तुटक्या डीएनएची भर बेडकाच्या डीएनएने घातलेली असते. काही बेडूक लिंग बदलू शकतात, आणि अंडी सापडतात. यवतमाळच्या कापूसवाल्याला यावर भाष्य नको. बीटी कापसाला, म्हणजे अळी मारणारं विष रोपातच तयार करणाऱ्या वाणाला, मंजुरी २००२ ची. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं ‘आश्रय’ म्हणून कडेला लावायचं होतं, म्हणजे अळीची काही पिढी विषाशिवाय वाढेल आणि प्रतिकार लवकर पसरणार नाही. ते पाकीट बहुतेक धुऱ्यावरच फेकलं गेलं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. बीटी म्हणजे डायनासोर नव्हे, आणि चित्रपट शेतीचा सल्लाही देत नाही. पण प्रयोगशाळेतली अट शेतात पाळली जाईल असं गृहीत धरणाऱ्यांचं काय होतं, हे इतकं सोपं करून सांगणारं दुसरं काही चटकन आठवत नाही.

तिसरी गोष्ट तर थेट पायाखालची आहे. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडते. जवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर १९८० च्या दशकात मोठ्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा निघाला. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या नावावरून त्याला आता ‘इसिसॉरस’ म्हणतात. पिसदुऱ्याच्या त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले आणि २००५ मध्ये ते जगापुढे आलं. डायनासोरांच्या काळात गवत होतं, आणि ते खाल्लं जात होतं, याचा हा पुरावा. चित्रपटात आजारी ट्रायसेराटॉप्सच्या शेणाच्या ढिगात वनस्पतीतज्ज्ञ बाई कोपरापर्यंत हात घालून त्याने काय खाल्लं ते शोधते. पोरं तिथे हमखास खिदळतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोरांना हसून झाल्यावर सांगायला हवं की हेच काम तुमच्या शेजारच्या गावच्या दगडांवर झालंय. (आणि हेही सांगायला हवं की तो दगड खिशात घालून घरी आणायचा नाही.)

आता नेहमीचा आक्षेप. “मोबाईलवर फुकट दिसते, मंग काऊन करता हा उपद्व्याप?”

याला उत्तर देताना पडद्याचे भक्त एक चूक करतात. पडदा मोठा म्हणून चित्र मोठं, असं ते म्हणतात. मोजून पाहा. मोबाईलवर चित्राची रुंदी १२ सेंटिमीटर, डोळ्यापासून अंतर ३० सेंटिमीटर: डोळ्याशी होणारा कोन २२-२३ अंश. वीस फुटी पडदा चाळीस फुटांवरून: २८ अंश. फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही. खरा फरक दुसरीकडे आहे. मोबाईलच्या स्पीकरला ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज जवळजवळ काढताच येत नाही, आणि टी-रेक्सचं, म्हणजे चित्रपटातल्या महाकाय शिकारी डायनासोरचं, पाऊल पडतं ते त्याच्या कितीतरी खाली. ग्लासातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात तो प्रसंग मोबाईलवर नुसता दिसतो. अठरा इंची बेसच्या स्पीकरवर तो पाठीच्या कण्यात कळतो. डरकाळीसाठी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर यांचे आवाज मिसळले होते. त्यातला वाघ ओळखणारे प्रेक्षक ताडोब्याच्या वेशीवरच्या मोहर्लीत निघतील, मुंबईत नाही. शिवाय मोबाईलवर भीती वाटली की बोट लावून पुढे ढकलता येतं. मैदानात चारशे माणसांमध्ये बसल्यावर ती सोय नसते. डायनासोर या चित्रपटात जेमतेम पाव तास दिसतात; उरलेला वेळ वाट पाहण्याचा आहे, आणि पुढे ढकलायची सोय असली की आधी ती वाट पाहणंच संपतं.

आता नीट दाखवणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण गावातले बहुतेक खेळ इथेच फसतात आणि मग लोक म्हणतात, बघा, मोबाईलच बरा होता.

सगळ्यात आधी उजेड. चित्रपटगृहाचं प्रमाण आहे १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्यावर दर चौरस फुटाला १४ ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप). पडदा २० फूट रुंद, सव्वाअकरा फूट उंच धरला तर २२५ चौरस फूट, म्हणजे किमान ३१५० ल्युमेन प्रत्यक्ष पडद्यावर पडायला हवेत. दिवा जुना होतो, भिंगावर धूळ बसते, रंग नीट यावेत म्हणून ‘सिनेमा’ मोड लावला की उजेड आणखी उतरतो. म्हणून ६००० एएनएसआय (अमेरिकी मानक पद्धतीने मोजलेल्या) ल्युमेनचा प्रोजेक्टर मागावा. एएनएसआय हा शब्द सोडू नये. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या डब्यांवर दहा हजार ल्युमेन छापलेलं असतं आणि प्रत्यक्षात काहीशेच निघतात. ते घराच्या भिंतीसाठी ठीक.

पण प्रोजेक्टर कितीही चांगला आणला तरी चौकातला खांब त्याला हरवतो. वरच्या हिशेबाने पडद्यावर साधारण १५० लक्स (लक्स म्हणजे दर चौरस मीटरला एक ल्युमेन) प्रकाश पडतो. जवळच्या एलईडी पथदिव्याचे १० लक्स जरी पडद्यावर आले, तरी पांढरं आणि काळं यांचं प्रमाण सोळास एक एवढंच उरतं, आणि काळा रंग राखाडी होतो. टी-रेक्सचा अख्खा प्रसंग रात्रीचा आणि पावसातला आहे. राखाडीत त्याची माती होते. म्हणून ग्रामपंचायतीच्या वीजवाल्याला आधीच सांगून तेवढे दोन खांब बंद करून घ्यावेत. पौर्णिमेची चिंता करू नये. भर चांदणंही पाव लक्सच्या आसपासच असतं.

लग्नात भाड्याने येणारी एलईडी वॉल लावायचा मोह होतो, कारण ती तयार मिळते. नको. बारा फूट रुंद वॉलचे दिवे चार-चार मिलिमीटरवर असतात, म्हणजे आडवे साधारण ९०० ठिपके. ब्ल्यू-रेच्या १९२० चा निम्माही तपशील नाही. ती उन्हात दिसावी म्हणून बनवलेली असते. रात्रीसाठी तिचा उजेड खाली आणला की गडद छटांच्या पायऱ्या गळतात आणि पावसाळी रात्रीत ठोकळे दिसू लागतात. नवरदेवाच्या वरातीला ती शोभते.

पडद्याला लोक कापड समजतात. प्रत्यक्षात ते शीड असतं. ताशी ३० किलोमीटरचा वारा २२५ चौरस फुटांवर साधारण १०० किलोचा दाब देतो, आणि वारा दुप्पट झाला की दाब चौपट. नुसत्या दोन बल्ल्या गाडून दोरीने ताणलेला पडदा वैशाखातल्या वावटळीत पहिल्या तासालाच फाटतो. मंडपवाल्याकडचे लोखंडी पाइप घ्यावेत, मागे दोन्ही बाजूंना तिरके टेकू आणि ताणाचे दोर द्यावेत, आणि पडद्याच्या कड्या चौकटीला सुतळीने न बांधता सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधाव्यात. रबर ताण खातं, शिवण उसवत नाही. मागून काळं कापड लावलं तर मागच्या घरांचा उजेड झिरपत नाही.

प्रोजेक्टरचं अंतर म्हणजे त्याचा थ्रो गुणिले पडद्याची रुंदी. थ्रो १.५ असेल तर ३० फूट. म्हणजे तो प्रेक्षकांच्या मधोमध येतो. तिथे मजबूत मचाण आणि भोवती दोरी हवी, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात कोणाचा तरी पाय वायरीत अडकतो. भिंग पडद्याला काटकोनात ठेवावं. चित्र तिरकं पडलं की बटणाने ‘कीस्टोन’ सरळ करायची सवय असते, पण त्यात ठिपके वाया जातात आणि अक्षरं पुसट होतात. पहिली सतरंजी पडद्यापासून वीस फुटांवर, शेवटची साठ फुटांवर. साठच्या पलीकडे उभे राहणारे आपोआप मोबाईल काढतात.

चित्राची प्रत कुठून आली, हे लांबीवरून कळतं. चित्रपट १२७ मिनिटांचा आहे. फाइल १२२ मिनिटांची दिसली तर ती जुन्या डीव्हीडीवरून आलेली, सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं पळवलेली. आवाज किंचित चढा आणि चित्र ७२० ठिपक्यांचं. वीस फुटी पडद्यावर एकेक ठिपका साडेआठ मिलिमीटरचा होतो आणि शेवटच्या ओळीलाही दिसतो. ब्ल्यू-रे लावावी. लॅपटॉपवरून दाखवायचं तर त्याचा चित्र बदलण्याचा वेग २४ हर्ट्झवर आणावा, नाहीतर कॅमेरा आडवा फिरला की चित्र हिसके देतं.

आवाजाचं सामान गावाकडे भरपूर आहे. अडचण आहे ती वाजवणाऱ्याच्या सवयीची. पाच वाहिन्यांचा आवाज दोन स्पीकरवर चुकीचा उतरवला की संगीत दणकतं आणि संवाद गायब होतात, कारण संवाद मधल्या वाहिनीत असतात. खेळाच्या आधी शेवटच्या ओळीत उभं राहून संवाद स्पष्ट येतात का ते पाहावं, तिथे पातळी ठरवावी, आणि नंतर डीजेवाल्याला मिक्सरला हात लावू देऊ नये. तो शांत प्रसंगात आवाज वाढवतो आणि मोठ्या प्रसंगात पोंगे फाडतो. ब्लूटूथ तर अजिबात नको; ओठ हलल्यावर आवाज येतो. उलटही होतं: प्रोजेक्टर चित्र तयार करायला थोडा वेळ घेतो आणि आवाज आधी पोहोचतो. त्यासाठी डिले, म्हणजे आवाज किंचित उशिरा सोडायची सोय, असलेला मिक्सर हवा.

वीज, किडे आणि थंडी हे तिघे स्थानिक खलनायक. प्रोजेक्टरला अर्धा किलोवॅट, आवाजाला एक-दीड. पाच केव्हीएचं जनरेटर पुरतं. ते दीडशे फूट दूर, भिंतीआड ठेवावं, नाहीतर ग्लासातल्या पाण्याच्या प्रसंगात जनरेटरच टी-रेक्स होतो. प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर त्याला यूपीएस हवाच. लाईन गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तडकतो. लेझरवाल्याला ही भीती कमी. दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत दाखवाल तर तुडतुडे प्रकाशाच्या झोतात नाचतात आणि पडद्यावर त्यांच्या पाखरांएवढ्या सावल्या पडतात. पन्नास फूट बाजूला, पडद्याकडे पाठ करून एक हॅलोजन लावावा म्हणजे बरेच तिकडे जातात. भिंगासमोर छोटा पंखा आडवा लावला की उरलेले उडतात. पूस-माघात नऊनंतर दहिवर पडतं. प्रोजेक्टर तासभर आधी सुरू करून गरम ठेवावा, आणि खेळ संपल्यावर ओला पडदा घडी करू नये. पेटीत त्याला बुरशीचे ठिपके येतात आणि पुढच्या खेळात ते नायिकेच्या गालावर दिसतात. मे महिना टाळावा. बहुतेक प्रोजेक्टर ४० अंशांपर्यंतच धड चालतात आणि ब्रह्मपुरीचा मे कोणाला सांगायला नको.

कायद्याबाबत गावात दोनच मतं असतात: ‘कोण विचारते’ किंवा ‘लफडं नको’. दोन्ही चूक. तिकीट लावून किंवा उघड्यावर सर्वांसाठी दाखवायचं तर हक्कधारकाच्या भारतातल्या प्रतिनिधीकडून लेखी परवाना हवा आणि सिनेमा विनियमनाच्या १९५३ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. पण कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शाळेला मोठी सवलत देतं. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक म्हणून फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि त्या उपक्रमाशी संबंधित माणसं असतील, तर चित्रपट दाखवणं हा भंग ठरत नाही. गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक म्हणजे अर्धं गाव झालंच. प्रत मात्र विकत घेतलेली हवी, डाउनलोड केलेली नाही. आणि रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा बंद, म्हणून सात वाजता सुरू करावं.

पैशाचा आक्षेप सगळ्यात रास्त. शाळेचं छत गळतं आणि तुम्ही डायनासोर दाखवता? छत आधी, यात वाद नाही. पण हिशेब पाहा. मंडप, पाइप, सतरंज्या, बेस, जनरेटर हे सगळं तालुक्यात भाड्याने मिळतं. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं याच सामानावर मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत रात्र-रात्र रंगतात, आणि लोक तिकीट काढून बसतात. नसतो तो फक्त चांगला प्रोजेक्टर आणि पडदा. तेवढा एक संच पंचायत समितीने घ्यावा आणि शाळांना पाळीपाळीने द्यावा. सोबत चालवायला शिकवलेला एक माणूस द्यावा. तो नसला तर संचही त्याच कपाटात जाईल, जिथे प्लास्टिक न काढलेला स्मार्ट टीव्ही आधीच बसलाय.

उरला विज्ञानाचा आक्षेप: चित्रपट चुकीचा आहे. आहेच. नावापासून. टी-रेक्स जुरासिक काळातला नाही. तो काळ १४.५ कोटी वर्षांपूर्वी संपला आणि टी-रेक्स त्यानंतर पावणेआठ कोटी वर्षांनी आला, म्हणजे जुरासिकपेक्षा तो आपल्याला जवळचा. पिसदुऱ्याची जनावरं मात्र साधारण त्याच्याच काळातली. व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा होता आणि त्याला पिसं होती; हाडावरच्या पिसांच्या खुणा २००७ मध्ये दाखवल्या गेल्या. डीएनए तर टिकणंच शक्य नाही: न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ मध्ये निघालेला अंदाज सांगतो की दर ५२१ वर्षांनी त्याचे निम्मे दुवे तुटतात. या चुका लपवू नयेत. खेळाच्या दुसऱ्या दिवशी सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहून पोरांनाच शोधायला लावाव्यात. निर्दोष माहितीपट दाखवला असता तर हा तास मिळाला नसता. फक्त पहिली-दुसरीची पोरं आईबापांजवळ बसवावीत. रॅप्टर पोरांना हुडकतात तो स्वयंपाकघरातला प्रसंग त्यांना जड जातो.

मध्यंतराची जागाही आधी ठरवावी लागते, कारण मूळ चित्रपटात मध्यंतर नाही. साधारण तासाभराने वादळ येतं, गाड्या रुळावर थांबतात, दिवे जातात. त्या प्रसंगाच्या आत तोडू नये. तो पुरा संपल्यावर पंधरा मिनिटं द्यावीत, म्हणजे साडेनऊच्या आत सगळं आटपतं. आणि जनरेटरवाल्याला तेवढं आधी सांगून ठेवावं. पडद्यावर अंधार होताच मागून चार जण “लाईन गेली रे!” म्हणून ओरडणार, आणि तो बिचारा दीडशे फूट पळत येणार.